शेकाची भिंत

दिगंबरशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात बायकांच्या बसायच्या जागा वारशाने चालत. सुताच्या कांड्या भरायचं मशीन शेठचं, सूत शेठचं, वीज शेठची. पण मशीनपुढची ती पाटाएवढी जागा मात्र बाईची. बाई थकली की जागा सुनेला, सून नसेल तर लेकीला, आणि दोन्ही नसतील तर भांडणाला.

त्यात सगळ्यात मानाची जागा मागच्या भिंतीशी होती. भिंतीपलीकडच्या खोलीत कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर आणि मेन पॅनेल. मनगटाएवढ्या जाड केबली त्या भिंतीवरूनच लूमकडे जात. वीज असेतो भिंत घुमत राही आणि अंगाला कोमट लागे. थंडीत तापीवरून वारं सुटलं की दाराशी बसणाऱ्या बायकांची बोटं वळत नसत, सूत हातातून सुटून जाई. तेव्हा भिंतीशी बसलेली बाई सकाळच्या उन्हात बसल्यासारखी पाठ टेकून काम करी. लूमही तिथून लांब, म्हणून सुताचा भुगा नाकातोंडात कमी जाई. बायका त्या भिंतीला शेकाची भिंत म्हणत.

ती जागा मनकर्णाची. कोकिळाची जागा दाराशी, जिथे वारा आत यायचा आणि भुगा बाहेर जायचा, दोन्ही तिच्या तोंडावरून.

या दोघी एकेकाळी एका डब्यात जेवत. मनकर्णा गावातल्या इतवाऱ्यातून येई, कोकिळा नदीपलीकडून, जैनाबादहून. वीज गेली की एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत बसत आणि शेठच्या चालण्याची नक्कल करत. अशाच एका वीज गेलेल्या दुपारी मनकर्णाने आपल्या सुकलालसाठी कोकिळाची अलका मागितली. सोयरीक झाली आणि मैत्री संपली. म्हणजे भांडण काही झालं नाही. लग्नाच्या मांडवात कोकिळा मुलीची आई झाली एवढंच. मुलीच्या आईने विहिणीपुढे आवाज खाली ठेवायचा, विहिणीने पाणी मागायच्या आत तांब्या पुढे करायचा, आणि लेकीच्या सासरच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही. जिला काल ‘मेले’ म्हणून हाक मारली तिला आज ‘ईनबाई, तुमी’ म्हणताना कोकिळाची जीभ बरेच दिवस अडखळली. मग सवय झाली. बाईमाणसाला कशाची होत नाही?

पहिल्या संक्रांतीला मनकर्णाने मशीनला हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांदेखत शेकाची जागा सुनेला दिली. स्वतः मधल्या रांगेत जाऊन बसली. केवढं कौतुक झालं तिचं. सासू सुनेला पाटल्या देते, हिने आपली ऊब दिली, असं धुरपदाबाई म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं. कोकिळाला त्या दिवशी विहिणीच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडलीही होती.

पुढे अलकाचं दोनदा वाया गेलं. दोन्ही वेळा रक्त गेलं आणि सगळं आटोपलं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, चौथा महिना लागला होता, आणि दोन्ही घरं श्वास धरून होती.

साल दोन हजार चार. परदेशात किती कापड पाठवायचं त्याचा कोटा उठणार, बुऱ्हाणपूरचा माल सरळ विलायतेला जाणार, असं शेठ येईल त्याला सांगत सुटला होता. इंदूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत त्याला बाहेरची मोठी पार्टी लागू पाहत होती. पण ती पार्टी कापडाआधी कारखाना बघणार होती. कामगार कसे बसतात, काय पितात, कुठे जातात.

कुठे जातात हा प्रश्न शेठला पहिल्यांदाच पडला. इतकी वर्षं बायका कारखान्यामागच्या पडक्या भिंतीआड जात, एक जण पहारा देई. घाईघाईने संडास बांधला. आत पांढऱ्या फरश्या, साबण, टॉवेल, आणि दारावर साडीतल्या बाईचं चित्र. तपासणी झाली त्या संध्याकाळी त्याला कुलूप बसलं आणि किल्ली शेठच्या करदोट्याला गेली. बायका पुन्हा भिंतीआड. साबणाचं काय झालं ते भागाबाईला ठाऊक होतं. कारखान्याआधी ती शेठच्या घरी धुणं धुवी, तिथे तिने तो पाहिला.

तर तपासणी. ती करायला पार्टीकडून निर्मला नावाची एक मॅडम आली. सलवार-कमीज, पायात बूट, हातात मोबाईलएवढी एक डबी. कोकिळाला त्या दिवशी कामावरून उठवून पाण्याचा ट्रे धरायला लावलं होतं, कारण तिची साडी त्यातल्या त्यात बरी होती. म्हणून तिने सगळं जवळून ऐकलं. मॅडमने पंखे पाहिले, आवाज मोजला, नाकाला रुमाल लावून भुगा पाहिला. मग डबी हातात धरून फिरू लागली. मधल्या रांगेत डबीवरचे आकडे शांत होते. भिंतीशी अलकाच्या पाठीमागे नेली तेव्हा ते उड्या मारायला लागले. मॅडम चार हात मागे आली, आकडे बसले. पुन्हा पुढे गेली, पुन्हा उड्या.

शेठने विचारलं, काही लीकेज आहे का. मॅडम म्हणाली, करंट गळत नाही, पण जाड तारेतून जिथे एवढी वीज जाते तिथे तिच्याभोवती चुंबकासारखं क्षेत्र तयार होतं, ते भिंतीतून आरपार येतं. मग तिची नजर अलकाच्या पदराकडे गेली. तिने हळूच कितवा महिना ते विचारलं.

“याने काय होतं?” शेठ म्हणाला.

“पक्कं सांगता येत नाही. अभ्यास चालू आहेत, कोणी काही म्हणतं, कोणी काही.” मॅडमने डबी बंद केली. “पण चार हात सरकलं तर हे जवळजवळ राहतच नाही. मग बसायचं कशाला? मशीन सरकवून घ्या.”

शेठने मान डोलावली. शेठची मान फार छान डोलते.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी स्टुलं मांडली, अलकाला आणि आणखी दोघींना त्यांवर बसवलं, हातात रिकाम्या कांड्या दिल्या आणि फोटो काढून इंदूरला पाठवला. मशीन होतं तिथेच राहिलं. ते सरकवायचं तर वायरिंग उकरा, फरशी फोडा, काम बंद ठेवा. फोटो निघाल्यावर अलका उठून पुन्हा भिंतीशी जाऊन बसली, आणि कोकिळा दाराबाहेर जाऊन थुंकून आली.

इथवर तरी हा नेहमीचा हलकटपणा होता. पण शेठला एक मेहुणा होता, प्रकाश. केसांना इतकं तेल की मानेवर ओघळ दिसे. तो चुंबकाच्या गाद्या विकायचा. तुम्ही एक घ्या, दोघांना घ्यायला लावा, ते आणखी चौघांना, अशा साखळीतला. गादीवर झोपलं की संधिवात, साखर, दमा, सगळं जातं असं तो सांगे. भिंतीतून चुंबक येतं हे त्याच्या कानावर गेलं आणि तो उठून कारखान्यातच आला. भिंतीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभा राहिला, देवळात उभं राहावं तसा. मग बायकांकडे वळला.

“मावशी, लोकं घर गहाण टाकून माझी गादी घेतात. शेठ तुमाले तेच फुकट देऊ राहिले, आणि तुमी घाबरता? रक्तात लोखंड असतं की नाही? चुंबक त्याले धरून ठेवतो. धरून.”

हा शेवटचा शब्द मनकर्णाने झेलला. दोनदा जिचं रक्त थांबलं नव्हतं अशा सुनेच्या सासूला दुसरं काय ऐकू येणार? कोकिळाने ते तिच्या चेहऱ्यावर उतरताना पाहिलं. त्यात वाईटपणा औषधालाही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग जे सुरू झालं त्याला कोकिळाच्या तोंडी एकच शब्द होता, शी. प्रकाश दुपारी आपली गिऱ्हाइकं घेऊन येऊ लागला. नमुना दाखवायला. केळ्याचा एक जाडा व्यापारी आला, त्याने सदरा वर केला आणि उघडी कंबर भिंतीला लावून बसला. अलकाला अंग चोरून, तोंड वळवून कांड्या भराव्या लागल्या. तो उठला तेव्हा भिंतीवर त्याच्या घामाचा आणि तेलाचा मोठा ओला डाग राहिला. त्याच्या मागून दुसरा त्याच डागावर टेकला. भिंतीच्या बुडाशी पाण्याच्या बाटल्यांची रांग लागली. चुंबकाचं पाणी म्हणून लोक संध्याकाळी घरी नेत आणि पोराबाळांना पाजत. एका बाटलीत पाल पडली होती. प्रकाशने ती बोटाने काढून टाकली आणि बूच लावलं. कोकिळाने हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी तिला डबा उघडवला नाही.

पण खरी मळमळ चहाच्या सुट्टीत होती. मनकर्णा उठून येई, अलकाला उभं करी, तिचे खांदे धरून तिला भिंतीकडे वळवी आणि पोट भिंतीला टेकवी. हळुवार, लहान मुलाला देवाच्या पायावर घालावं तसं. ओठांत काही पुटपुटे. अलका गाल भिंतीला लावून मुकाट उभी राही, त्याच भिंतीला, जिथे मघाशी परक्या पुरुषांच्या पाठी घासल्या होत्या. कोकिळा बाहेर जाऊन उभी राही. तिला मॅडमचे उड्या मारणारे आकडे दिसत. पक्कं नाही, ती म्हणाली होती. पण पक्कं नाही म्हणून कोणी पोरीला विहिरीच्या काठावर झोपवतं का?

तिने काय केलं नाही? लेकीला नदीच्या पुलावर गाठून सांगितलं की काहीतरी निमित्त काढ नि जागा बदल. अलका सासूला आत्याबाई म्हणे; ती म्हणाली, आत्याबाईंनी चारचौघांत दिलेली जागा मी कोणत्या तोंडाने सोडू, आणि माय, त्या किती जपतात तुला माहीत आहे का. नवऱ्याला, कडूला, सांगितलं. तो केळीच्या गाड्या भरून आला होता. म्हणाला, लेक दिली त्या घरात आपलं तोंड नसतं. माहेरी आणावं म्हटलं तर बाळंतपणाला सातव्या महिन्यात आणायची रीत, त्याआधी मागणी घालणं म्हणजे सासरची नीट बघत नाहीत असं गावाला सांगणं. शेठपुढे उभी राहिली. त्याने फोटो दाखवला. त्यात अलका भिंतीपासून कितीतरी लांब बसलेली होती आणि हसत होती.

ऑर्डर पक्की झाली त्या दिवशी शेठने बायकांना द्रोणात गोड दराबा वाटला. वीस वर्षांत पहिल्यांदा. लूम थांबवल्या होत्या, सगळ्या एकत्र जमल्या होत्या. मनकर्णाने आपला द्रोण घेतला आणि गुडघे धरत मधल्या रांगेत खाली बसली. बसताना कण्हली. अलका भिंतीशी स्टुलावर होती.

कोकिळाला ते एकदम सुचलं. विहिणीला सांगायची सोय नाही. पण पोटच्या पोरीला चारचौघांत झापायची सोय मुलीच्या आईला नेहमीच असते. उलट तिने झापलंच पाहिजे. त्याला संस्कार म्हणतात.

ती उभी राहिली आणि आवाज चढवून म्हणाली, “अलके, लाज नाही वाटत तुले? सासूचे गुडघे धरले, त्या थंड फरशीवर बसू राहिल्या, आणि तू राणीसारखी शेक घेत बसली?”

अलकाचा हात द्रोणातच राहिला. मनकर्णा म्हणाली, जागा मीच दिली, तिचा काय दोष.

“तुमी देल्ली हा तुमचा मोठेपणा, ईनबाई. हिनं आतापर्यंत ठेवली हा हिचा कोडगेपणा. लोक काय म्हणतील, मायनं हेच शिकवलं?”

झालं. बायकांना दराब्याबरोबर तोंडी लावायला मिळालं. धुरपदाबाई म्हणाली, खरं आहे वं, माझी सून असती तर मी कधीच उठवली असती. भागाबाई म्हणाली, आताच्या पोरींना सासू म्हणजे पायपुसणं. आणि प्रकाश तिथेच होता, त्याने तर हातच जोडले. गुडघ्यांना या भिंतीसारखं औषध नाही म्हणाला. अलका रडत उठली. रडतच तिने सासूचा डबा, तिची पिशवी भिंतीशी नेऊन ठेवली. मनकर्णा नाही नाही म्हणत होती, पण एवढ्या तोंडांपुढे आणि एवढ्या मानापुढे किती वेळ म्हणणार? ती भिंतीशी जाऊन बसली. अलका मधल्या रांगेत आली. भिंतीपासून चार हात लांब, जास्तच असतील.

त्या दिवशी पूल ओलांडताना कोकिळाला हसू आलं. किती सोपं होतं. पोरगी रागावली होती, वळूनही बघितलं नव्हतं तिने. रागावू दे.

हसू दोन दिवस टिकलं. मग मनकर्णाने तिला चहाला बोलावलं. भिंतीशी, आपल्या शेजारी. बशीत अर्धा चहा ओतून दिला, पूर्वी द्यायची तसा. म्हणाली, गुडघे खूप हलके झालेत, आणि तुम्ही पोरीला बोललात ते मला आवडलं नाही, पण तुम्ही माझ्यासाठी बोललात हे मी विसरणार नाही. तिचे डोळे भरले होते. पाठ भिंतीला चिकटवून ती इतकी सुखात बसली होती की कोकिळाला बघवेना. बशीतल्या चहावर सुताचा भुगा तरंगत होता. रोजच तरंगतो. त्या दिवशी तिने बशी तशीच खाली ठेवली. शेठची आली होती, प्रकाशची आली होती, त्या जाड्या व्यापाऱ्याची आली होती, तीच शिसारी. फक्त या वेळी तिला जायला दुसरं घर नव्हतं, ती कोकिळाच्याच दारात येऊन बसली.

तिने स्वतःला समजावलं. हिचं वय झालं, हिच्या पोटात काही नाही. मॅडमच म्हणाली पक्कं नाही म्हणून. पण पक्कं नाही हे लेकीसाठी एक आणि विहिणीसाठी दुसरं, असं कसं? हा हिशोब तर शेठचा होता.

एका दुपारी वीज गेली. लूम थांबल्या, बायका वारा घ्यायला बाहेर गेल्या. भिंत मुकी झाली होती. मनकर्णा एकटीच टेकून बसली होती. कोकिळा तिच्यापुढे जाऊन उकिडवी बसली आणि एका दमात सांगून टाकलं. मॅडम काय म्हणाली, फोटो कसा काढला, आणि आपण पोरीला का झापलं.

मनकर्णा म्हणाली, “म्हंजे मी मेली तरी चालंन.”

“असं नाही म्हटलं मी.”

“म्हटलं नाही. केलं.”

मनकर्णा आपल्या हातांकडे बघत होती. ज्या हातांनी तिने सुनेचं पोट भिंतीला टेकवलं होतं, त्यांना ती पदराने पुसू लागली, पुन्हा पुन्हा, काही लागलेलं असावं तसं. म्हणाली, मी तर तिला रोज... आणि थांबली. कोकिळा म्हणाली, तुम्ही वाईट चिंतून केलं नाही. मनकर्णा म्हणाली, पुरे.

“उठा, ईनबाई. मधी चला.”

मनकर्णा उठायला लागली आणि अर्ध्यात थांबली. दाराशी भागाबाईची नवी सून उभी होती. हळद अजून उतरली नव्हती, कोपरापर्यंत चुडा. काम शिकायला येऊन आठवडाही झाला नसेल. ती यांच्याकडेच बघत होती. यांच्याकडे नाही, जागेकडे. दाराशी बसून तिची बोटं फुटली होती.

“मी उठली की ही बसंन,” मनकर्णा म्हणाली. “हिले काही सांगितलं तर उद्या प्रकाश दुसरी आणंन. मशीन तिथं हाये म्हंजे बाई तिथं हाये.”

ती पुन्हा खाली बसली. या वेळी टेकली नाही. मग कोकिळाकडे न बघता म्हणाली, “दुपारपर्यंत मी. दुपारनंतर तू.”

लग्नानंतर पहिल्यांदाच ती तिला तू म्हणाली होती. कोकिळाने मान हलवली.

वीज आली. भिंत घुमायला लागली. मनकर्णा उठून दाराशी गेली, कोकिळाच्या थंड जागेवर बसली आणि तोंडावर पदर बांधला. मधल्या रांगेतून अलकाने दोघींकडे पाहिलं. दोन म्हाताऱ्या जागेवरून काय खेळ मांडून बसल्यात, असा तिचा चेहरा होता. तिला कोणी काही सांगितलं नाही. उद्या पोर सुखरूप झालं तर प्रकाश भिंतीचं नाव घेऊन आणखी गाद्या खपवेल, आणि नाही झालं तर शेठ नशिबाचं नाव घेईल. त्यांचं दोन्हीकडून ठीक होतं.

कोकिळा स्टुलावर बसली. पाठीमागे व्यापाऱ्यांच्या कमरांनी काळी पडलेली भिंत. तिने ठरवलं होतं, ताठ बसायचं, अंग लावायचं नाही. कांडी लावली, सूत ओढलं. थोड्या वेळाने कमरेत नेहमीची कळ आली, बाळंतपणापासूनची, जी तिने दाराशी वाऱ्यात बसून वर्षानुवर्षं सोसली होती. आणि पाठ आपोआप मागे गेली. ऊब लागली. कळ सुटत गेली, गाठ सुटावी तशी, आणि कोकिळाच्या तोंडून सुखाचा सुस्कारा बाहेर पडला.

प्रकाश एका गिऱ्हाइकाला घेऊन आत येत होता. त्याने तो ऐकला.

“बघा,” तो गिऱ्हाइकाला म्हणाला. “मी सांगत होतो ना?”

कोकिळा झटकन पुढे झाली आणि कांडीवर वाकली. इतकी किळस तिला त्या पालीचीही आली नव्हती. ते दोघं पुढे जाईपर्यंत ती तशीच वाकून राहिली. ते गेले, आणि पाठ निर्लज्जासारखी पुन्हा टेकली.